एप्रिलची रजा

"माय, तू कसाले उठनी इतली सकायमा?" शिल्पा आरशासमोर उभी राहून केसांत आकडे खोवत होती. दोन आकडे दातांत धरलेले, त्यामुळे निम्मं बोलणं दातांतच अडकलं.

"हाई सकाय शे का?" कलाबाईने पडदा सारून बाहेर पाहिलं. साडेसहा वाजले होते आणि बाहेर डांबरासारखा काळोख. "देवपुरमा आते बारा वाजी गयात. तुना बाप जेवाले बसना व्हई."

तिने चहाचा कप लेकीपुढे ठेवला. शिल्पाने तो उभ्याउभ्याच घशात ओतला, अंगावर निळा गणवेश, त्यावर जाडजूड कोट. नॉटिंगहॅममधल्या एका मोठ्या दवाखान्यात ती सहा वर्षांपासून नर्स होती. तिचा नवरा प्रशील एका वृद्धाश्रमात कामाला. तो तर पहाटे पाचलाच निघून गेला होता. आज पंचवीस डिसेंबर. सगळं गाव दारंखिडक्या लावून, दिवे पेटवून घरात बसलेलं, आणि हे दोघं नवराबायको मात्र ड्यूटीवर.

कलाबाईला याचं काही वाईट वाटत नव्हतं. उलट छाती फुगली होती. धुळ्याला, देवपुरातल्या आपल्या गल्लीत ती सांगत सुटायची, "मनी आंडेर, मनी पोर, साहेबास्ना सण संभायस. ती नही गयी तं तठला दवाखाना बंद पडी जाई!" दवाखाना काही बंद पडणार नव्हता, पण आईने एवढं वाढवून सांगायला कोणाची हरकत असते?

"उप्पीले दहा वाजता शेजारनी डोरीनकडे लयी जाजो," शिल्पा बूट चढवत म्हणाली. "तुमनं जेवन तठेच शे. मी येस साडेआठपावत."

"जाय तू. मी शे ना."

दार लागलं. बाहेर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडण्याचा आवाज आला, मग गाडीचा, मग तोही गेला. कलाबाईने शाल आवळून घेतली आणि लेकीचा उष्टा कप विसळला.

आता हा ड्यूटीचा हिशोब कुठून आला, ते सांगायला हवं, कारण त्याचं मूळ नॉटिंगहॅममध्ये नाही, धुळ्यात आहे. कलाबाई धुळ्यातल्या एका प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया होती. दिवाळी आली की तिथे रजेसाठी कुतरओढ व्हायची. कोणाचा पाडवा, कोणाची भाऊबीज, कोणाला माहेरी जायचं. कलाबाई पहिल्याच वर्षी मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, लक्ष्मीपूजनची ड्यूटी मी करते, भाऊबीजचीही करते. मला फक्त चौदा एप्रिलला कोणी बोलवायचं नाही. अडलेली बाई आली तरी नाही." बाई हसल्या, पण वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षं तो करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. चौदा एप्रिलला कलाबाई पांढरी साडी नेसून, शिल्पाचा हात धरून विहारात पहिल्या रांगेत. घरात तिची एक म्हणच होऊन बसली होती: दुसरास्ना सणले ड्यूटी, आपला सणले सुट्टी.

शिल्पाने तीच म्हण पोटाशी बांधून विमान पकडलं. इथे वॉर्डात तिने मुख्य सिस्टरला सांगितलं, ख्रिसमसची ड्यूटी मला लावा, दरवर्षी लावा, पण एप्रिलात मला बारा दिवस रजा द्या. बाकीच्या नर्सेसना तर घबाडच मिळालं. म्हणून शिल्पा दर एप्रिलला देवपुरात येई, नवरा आणि लेकीला घेऊन. वर्षाचे बारा दिवस. बाकीचं वर्ष बन्सीलाल, म्हणजे तिचा बाप, त्या बारा दिवसांच्या आठवणीवर आणि पुढच्या बारा दिवसांच्या वाटेवर काढी.

यंदा कलाबाई स्वतःच सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन आली होती. बन्सीलालने पासपोर्टच काढला नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेलेला माणूस, म्हणाला, "आठे बठ्ठं शे मनं. मी कसाले जाऊ बर्फमा कुडकुडाले? पोर येसच ना एप्रिलमा."

दहा वाजता कलाबाई आठ वर्षांच्या नातीचा हात धरून शेजारच्या दारात उभी राहिली. नातीचं नाव उत्पला, घरात उप्पी. कलाबाईच्या दुसऱ्या हातात डबा, डब्यात तळलेल्या, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आणि कुरडया. पाहुणचाराला रिकाम्या हाताने जायचं नाही, मग ते देवपूर असो की इंग्लंड.

डोरीन सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, लाल स्वेटरवर कसलंसं हरीण विणलेलं. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. "तिथे आत्ता उन्हाळा आहे म्हणे," उप्पीने आजीला समजावून सांगितलं. डोरीनचं आणि कलाबाईचं सगळं बोलणं उप्पीच्या तोंडून चालू होतं. डोरीनने बिबडी मोडून तोंडात टाकली, डोळे विस्फारले आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला. कलाबाईला ही बाई तिथेच आवडली.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. उप्पीला या घरातलं सगळं ठाऊक होतं. तिच्या चपला तिथे होत्या. कोपऱ्यातल्या झाडाला लावायचे काचेचे गोळे कुठल्या खोक्यात, टेबलावरचा कापडी रुमाल कुठल्या खणात, काट्याचमच्यांत तिचा धाकटा काटा कोणता, सगळं. स्वतःच्या घरी झाड नव्हतं. ते कलाबाईला आजवर खटकलं नव्हतं, कारण आपल्याकडे झाड कशाला? आता मात्र तिने सहज विचारलं.

"उप्पी, तू दरवर्षी इथेच असते का गं आजच्या दिवशी?"

"हो. लहान होते तेव्हापासून." उप्पीने टेबलावर बश्या मांडल्या. तीन. हात थांबला नाही तिचा.

जेवणाआधी डोरीनने एक खोकं आणलं. त्यात कागदी फटाके होते, मोठ्या चॉकलेटसारखे दोन्ही टोकांना पिळलेले, चकचकीत लाल. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि ओढायचं. उप्पीने एक टोक आजीच्या हातात दिलं. "आजी, ओढ! जोरात!" फट् झालं, कलाबाई केवढ्याने तरी दचकली, "ओ माय!" म्हणाली आणि तिघी हसत सुटल्या. आतून कागदाचा जांभळा मुकुट निघाला. तो उप्पीने आजीच्या डोक्यावर बसवला. कलाबाई त्या मुकुटासकट उकडलेले बटाटे खायला बसली, आणि मीठ कुठे आहे म्हणून खुणेने विचारू लागली.

तेवढ्यात तिला दिसलं, की उप्पीने खोक्यातला एक फटाका हळूच उचलून स्वेटरच्या आत सरकवला.

"तो कोणासाठी गं?"

उप्पीने डोरीनकडे पाहिलं, मग आजीकडे. "ममासाठी. मी दरवर्षी एक ठेवते."

"मग रात्री ओढता तुम्ही दोघी?"

"नाही." उप्पी काट्याने गाजर इकडून तिकडे ढकलत राहिली. "ममा येते ना, ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपते. बूट पण नाही काढत. मग मी उठवत नाही. नर्सेस खूप थकतात."

"मग ते फटाके?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मोज्यांच्या खाली. तीन. हा चौथा."

"ममाला सांगितलं नाही?"

"नको ना आजी! तिला वाईट वाटेल." आणि मग आजीला एवढंही कळत नाही अशा सुरात ती म्हणाली, "तिचा ख्रिसमस एप्रिलमध्ये असतो. आजोबांकडे. त्याच्यासाठी तिला आज काम करायला लागतं."

कलाबाईने काटा खाली ठेवला. डोरीनने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला, प्याली, थँक यू म्हणाली. तिला त्या टेबलावर दुसरीच पोर बसलेली दिसत होती.

शिल्पा तेव्हा सात वर्षांची होती. लक्ष्मीपूजनाची दिवेलागण. बन्सीलाल गाडी बंद पडली म्हणून शिंदखेड्याच्या रस्त्यावर कुठेतरी अडकलेला. पोर शेजारच्या झुंबरबाईकडे ठेवलेली. इकडे प्रसूतिगृहात दोन बायका अडलेल्या, कलाबाई घामाघूम. वॉचमन वर आला आणि म्हणाला, "आया, खाली तुमची पोरगी आली आहे." कलाबाई धावत जिना उतरली. फाटकात शिल्पा उभी. देवपुराहून एकटी, पांझरा नदीचा पूल ओलांडून, दिवाळीच्या गर्दीतून चालत आलेली. मुठीत दोन फुलझड्या. घामाने मूठ काळी झालेली. "माय, एक तुनी, एक मनी," ती म्हणाली.

आणि कलाबाईने काय केलं? थोबाडीत ठेवून दिली. "पूल वलांडीसनी कोनी सांगं तुले येवाले?" म्हणून ओरडली. वॉचमनने पोरीला सायकलवर बसवून परत नेऊन सोडलं. फुलझड्या कलाबाईने एप्रनच्या खिशात टाकल्या, त्या धुण्यात भिजल्या आणि मोरीत गेल्या. पुन्हा कधी ती पोर फाटकाशी आली नाही. शहाणी झाली, असं कलाबाई तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगायची. मेलं ते कौतुक!

दुपारी बन्सीलालचा व्हिडिओ कॉल आला. त्याने भिंतीवरच्या खिळ्याकडे फोन फिरवला. "दख, नवं कॅलेंडर लटकाडी दिधं मी. चौदा तारीखले गोल कया. शिल्पानी रजा मंजूर व्हयनी का? इचार तिले."

"आवाज येत नही तुमना," कलाबाई म्हणाली. आवाज चांगला खणखणीत येत होता. तिने फोन बंद केला. खिडकीबाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं.

साडेआठला शिल्पा आली. कोट काढला, सोफ्यावर बसली आणि खरोखरच तिची मान कलंडली. उप्पी वर निजलेली, प्रशीलही येऊन झोपलेला. कलाबाईने लेकीला झोपू दिलं नाही. खांद्याला धरून हलवलं. "उठ. वर चाल मनासंगे. बोलू नको."

उप्पीच्या खोलीत तिने हलक्या हाताने ड्रॉवर ओढलं, मोजे बाजूला केले. चार लाल फटाके, एकाशेजारी एक. सगळ्यात जुन्याचा कागद फिका पडलेला. शिल्पाला आधी काही कळलं नाही. मग कलाबाईने जे ऐकलं ते जसंच्या तसं तिच्या कानात सांगितलं.

दोघी खाली येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या.

"पुढला वरीसपाईन या सणले तू घर राहाजो," कलाबाई म्हणाली.

"मंग एप्रिल?"

"एप्रिलले नको येजो."

शिल्पा एकदम भडकली. "असं कसं नको येजो? तूच शिकाडं ना मले? दुसरास्ना सणले ड्यूटी! मी काय मौजना करता करस का? तुमना करता करस मी बठ्ठं!"

"शिकाडं मीच. पन हाऊ आते दुसरास्ना सण नही ऱ्हायना. तुनी पोर आठे वाढी ऱ्हायनी. तिना सण शे हाऊ. तू एप्रिल आम्हले देस, आन तो तिना डिसेंबरमाईन काढी लेस."

शिल्पाचे डोळे भरून आले, ते तिने गणवेशाच्या बाहीने पुसले. "नानाले काय सांगशी?" तिने बापाचं विचारलं.

"त्याले मी दखसू." कलाबाईने पदर सारखा केला. पुढचं बोलायला तिला जड गेलं. "मी तुले मारं व्हतं, शिल्पा. दिवाईले. फुलझडी लयीसनी उनी व्हती तू दवाखानामा. मी तुले घर लयी जावाले पाह्यजे व्हतं, आन मी मारं. हाई आज उमजनं मले."

"मले याद नही," शिल्पा म्हणाली. ती वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही नीट जोडून ठेवले. मग तशीच वाकलेली असताना म्हणाली, "डावा गालवर मारं व्हतं."

कलाबाईने तिच्या डाव्या गालावर हात ठेवला आणि रडली. शिल्पाही रडली. कोणापासून झाकायला तिथे तिसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई कणीक मळत असताना वरून आवाज आले. फट्. थोड्या वेळाने फट्. तिने मोजले. चार झाले, आणि मग उप्पीचं हसणं.

फेब्रुवारीत कलाबाई धुळ्याला परतली. बन्सीलाल स्टँडवर घ्यायला आला होता, रिक्षात बसल्याबरोबर त्याने विचारलं, "आनी तारीख?" या वर्षी येतील, ती म्हणाली. पुढल्या वर्षीचं तिने घरी गेल्यावर, पाणीबिणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

बन्सीलालने सगळं ऐकून घेतलं. तो तसा शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "मले इचारं का तू?"

"नही इचारं."

"एक पोर शे आपली. वरीसमा बारा दिन येस. त्याबी तू दी टाकात? कोनले दिधात?"

"उप्पीले."

तो पुन्हा म्हणाला, पण हळू, "मी सत्तर वरीसना व्हयनू, शिल्पानी माय. असा किती एप्रिल शेतस मनापान?"

"व्हिडिओवर दिसस ना ती रोज."

"व्हिडिओवर तिना डोकावर हात ठेवता येस का?"

कलाबाईने त्याला जेवायला वाढलं. तो जेवला नाही. तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी त्याने आपण होऊन विचारलं, त्या फटाक्यात बार भरलेला असतो की नुसता कागद असतो. तिने सांगितलं, नुसती एक पट्टी असते, बारकी. "हं," तो म्हणाला.

त्या एप्रिलात शिल्पा आली, बारा दिवस राहिली, गेली. निघताना बन्सीलालने तिच्या डोक्यावर ठेवलेला हात लवकर काढला नाही, आणि रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

पुढल्या ख्रिसमसला फोनवर एक फोटो आला. शिल्पाच्या घरात टेबल, टेबलाभोवती प्रशील, डोरीन, शिल्पा, उप्पी. फटाक्याचं एक टोक उप्पीच्या हातात, एक शिल्पाच्या. दोघींचे डोळे घट्ट मिटलेले, कारण तो आता फुटणार होता. बन्सीलालने चष्मा लावून तो फोटो बोटांनी मोठा केला, उप्पीच्या चेहऱ्यावर नेला, मग शिल्पाच्या. "बारीक दिसी राहिनी," एवढंच म्हणाला.

आणि मग एप्रिल आला. धुळ्याचा एप्रिल म्हणजे काय सांगावं! सकाळी नऊला रस्ता तापतो, दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. बारा तारखेला कलाबाईने पाहिलं, तर बन्सीलाल माळ्यावरून कूलर उतरवतोय. तो कूलर शिल्पाच्या खोलीचा. उप्पीच्या अंगावर घामोळं यायचं, म्हणून खास तिच्यासाठी घेतलेला. दरवर्षी ती यायच्या दोन दिवस आधी तो उतरवायचा, धुवायचा, जुनं गवत फेकून नवं भरायचं. हे काम बन्सीलाल दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

"कसाले काढं?" ती दारातून म्हणाली. "आपन तं गच्चीवर निजतस."

"उन्हाया शे," तो म्हणाला आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ फडक्याने पुसत राहिला.

चौदा तारखेला गल्ली निळ्या झेंड्यांनी भरून गेली. कलाबाई पांढरी साडी नेसून सकाळी विहारात गेली. वंदना झाली, खीर वाटली. "शिल्पा नही उनी का औंदा?" बायकांनी विचारलं. "नही," ती म्हणाली, "तिना घर सण व्हता डिसेंबरमा. रजा सरनी." तिने मान ताठ ठेवून सांगितलं आणि पुढच्या बाईच्या वाटीत खीर वाढली.

दुपारी ती घरी आली. बन्सीलाल ओट्यावर सावलीत बसला होता, संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी सदऱ्याला बटणं लावत. आतून घरघर ऐकू येत होती. ती मागच्या, शिल्पाच्या खोलीत गेली. पलंगावर धुतलेली चादर, त्यावर दोन उशा. कूलर चालू होता. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला होता आणि खोली छान गार झाली होती.

कलाबाईचा हात बटणाकडे गेला. रिकाम्या खोलीत वीज कशाला जाळायची? पण तिने बटण दाबलं नाही. पलंगाच्या कडेला बसली. गार वारा तोंडावर आला.

"पानी सरनं का दख वं त्यामा," ओट्यावरून बन्सीलालने हाक दिली.

तिने वाकून टाकीत पाहिलं, पाणी अर्ध्यावर होतं. "शे आखो," ती म्हणाली.

मग उठली, मोरीतून कळशी भरून आणली आणि टाकीत ओतली.